हंगाम, हंगामा आणि अंतिम फेरी
(शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात महाविद्यालयीन स्पर्धापद्धतीचा एक विचार)

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा इतिहास आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या नामावळीच्या रूपाने लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणता संघ विजयी झाला, ढाल कोणाकडे गेली, कर्णधार कोण होता, एवढे नोंदवले म्हणजे इतिहासकाराचे काम संपले, अशी समजूत दिसते. परंतु विजेता ठरवण्याची जी रीत समाज स्वीकारतो, तिलाही स्वतंत्र इतिहास असतो. शेवटचा सामना कोणामध्ये व्हावा, त्या सामन्यापर्यंत पोचण्याचा मार्ग कोणाला खुला असावा, आणि पोचणाराने कोणाच्या नावाने उभे राहावे, या तीन प्रश्नांची उत्तरे खेळाच्या नियमपुस्तकात मिळत नाहीत. ती संस्थांच्या रचनेत, आणि त्याहूनही अधिक, त्या रचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत सापडतात. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील शिरूर व दौंड हे दोन तालुके दृष्टीसमोर ठेवून या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलची हंगामोत्तर स्पर्धा घेतली आहे. ही तुलना प्रथमदर्शनी दूरान्वयाची वाटेल. पण ती तशी नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१

अमेरिकेतील महाविद्यालयांमध्ये बेसबॉलचा पहिला सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड या गावी झाला. ॲमहर्स्ट महाविद्यालयाने विल्यम्स महाविद्यालयाचा ७३ विरुद्ध ३२ असा पराभव केला. त्याच भेटीत दोन्ही महाविद्यालयांत बुद्धिबळाचाही सामना झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खेळाच्या निमित्ताने दोन विद्यासंस्थांनी एकमेकींस आव्हान द्यावे, या कल्पनेचे ते आरंभीचे आणि निर्मळ रूप होते. पुढे सामने वाढले, वाद वाढले, आणि शेजारच्या महाविद्यालयांनी परस्परांत नियम ठरवून परिषदा स्थापन केल्या. १८९६ मध्ये स्थापन झालेली, आज ‘बिग टेन’ या नावाने ओळखली जाणारी परिषद ही त्यांपैकी एक जुनी परिषद होय. १९०६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील संघटना निर्माण झाली, व १९४७ मध्ये कॅलामाझू येथे महाविद्यालयीन बेसबॉलची पहिली राष्ट्रीय मालिका भरली. १९५० पासून ती ओमाहा या शहरी भरते.

या व्यवस्थेचा गाभा असा : प्रत्येक परिषदेतील महाविद्यालये वसंत ऋतूत परस्परांशी ठरलेले सामने खेळतात व त्यांवरून गुणानुक्रम लागतो. हा झाला ‘हंगाम’. हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या अखेरीस बहुतेक परिषदांची एक स्वतंत्र स्पर्धा होते. अटलांटिक कोस्ट परिषदेने ती १९७३ मध्ये सुरू केली, साउथईस्टर्न परिषदेने १९७७ मध्ये. या स्पर्धेत जो संघ विजयी होईल त्यास राष्ट्रीय स्पर्धेत हक्काने प्रवेश मिळतो. मग हंगामात त्याची कामगिरी साधारण असली तरी हरकत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत १९९९ पासून ६४ संघ असतात; त्यांतून १६, मग ८, आणि हे आठ संघ ओमाहास जातात. अनेक टप्प्यांवर एका पराभवाने संघ बाद होत नाही. दोनदा हरल्यावरच त्याचे आव्हान संपते. २००८ मध्ये फ्रेझ्नो स्टेट या विद्यापीठाचा संघ आपल्या परिषदेची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. चार संघांच्या प्राथमिक गटात त्यास चौथे, म्हणजे सर्वांत खालचे मानांकन मिळाले होते. आणि अखेर त्यानेच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हंगामोत्तर स्पर्धा हे लहानांसाठी ठेवलेले दार आहे, असे जे म्हटले जाते त्याचे हे ठळक उदाहरण होय.

२

आता या खेळाचा आणि शिरूरचा संबंध पाहू. वर उल्लेखिलेल्या विल्यम्स महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये परदेशी धर्मप्रसाराचा संकल्प केला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन मिशन बोर्डाचा जन्म झाला. आणि त्याच महाविद्यालयाचा स्नातक गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस उतरला. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. १८३१ मध्ये अहमदनगर येथे व १८४१ मध्ये शिरूर येथे या मिशनची ठाणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनी शिरूरास काम केले; तेथील औद्योगिक शाळा सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाने ओळखली जाई. ‘ज्ञानोदय’ हे याच मिशनचे, १८४२ मध्ये सुरू झालेले नियतकालिक.

हॉल मुंबईस आला तेव्हा महाविद्यालयीन बेसबॉल अस्तित्वात नव्हता, हे खरे. पण विन्सर यांच्या पिढीपर्यंत तो अमेरिकेतील महाविद्यालयांचा आवडता खेळ झालेला होता. मिशनने शिरूर-नगर भागात शाळा आणली, छापखान्यातील पुस्तक आणले, स्तोत्रगायन आणले, हातांचे उद्योग आणले. बेसबॉल मात्र येथे रुजला नाही. अमेरिकन माणसे शंभर वर्षांहून अधिक काळ वावरली त्या भागात त्यांचा राष्ट्रीय खेळ का उतरला नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

याचे एक उत्तर शिरूरच्याच भूगोलात आहे. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून होती. १८०९ मध्ये मरण पावलेल्या कर्नल वॉलेसची समाधी शिरूरास आहे, व भोवतालच्या लोकांनी त्यास एक प्रकारचे देवपण दिले. १८१७ च्या तहानंतर उभारलेल्या पुणे घोडदळाचे ठाणे येथेच होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत उतरलेली पलटण शिरूरहूनच निघाली होती. दौंडचा इतिहास याहून वेगळा, पण परिणामी तोच. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत आलेला लोहमार्ग लगेच सोलापूरच्या दिशेने पुढे सरकला, १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला, आणि भीमाकाठचे एक गाव जंक्शन बनले. छावणी, लोहमार्ग आणि सरकारमान्य विद्यालय या तीन वाटांनी आपल्या देशात इंग्रजी खेळ पसरले. चेंडू-फळीच्या खेळाची जागा क्रिकेटने आधीच व्यापली होती. त्यामुळे अमेरिकेतून पुढे जे खेळ आले, ते क्रिकेटशी स्पर्धा न करणारे आले. १८९१ मध्ये निर्माण झालेला बास्केटबॉल आणि १८९५ मधील व्हॉलीबॉल हे दोन्ही ख्रिस्ती युवक संघटनेच्या मार्फत भारतात पोचले. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी १९२० मध्ये मद्रासला स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षणसंस्थेचा यात मोठा वाटा आहे. या दोन खेळांना थोडी जागा, एक चेंडू व एक जाळी पुरते. तालुक्याच्या शाळांतून ते टिकले याचे कारण हेच. बेसबॉलची भारतीय संघटना मात्र १९८३ पर्यंत उभी राहिली नाही.

एखादा खेळ एका भाषेच्या प्रदेशातून दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात खरोखरी गेला की नाही, याची एक कसोटी भाषाभ्यासकास उपलब्ध असते. खेळ मुळापासून रुजला असेल तर तो आपली गणती आणि आपल्या शिव्याशाप बरोबर घेऊन येतो. विटीदांडूतील ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ ही मापे पाहावीत. तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ या एक ते चार संख्यांशी त्यांचे साम्य इतके उघड आहे की त्यावर भाष्य करण्याची गरज नाही. ‘चेंडू’ हा शब्दही कानडी ‘चेंडु’चा सोयरा आहे. कोणत्याही संस्थेने, मिशनने किंवा सरकारने न आणता हे शब्द मुलांच्या तोंडून भीमेच्या खोऱ्यात आले व राहिले. याउलट ‘बेसबॉल’ हे नाव आजही मराठीत परकेच आहे. त्यातील एकाही क्रियेला मराठी मुलाने स्वतःचा शब्द दिलेला नाही.

३

खेळ आला नाही तरी ‘हंगामोत्तर स्पर्धा’ ही कल्पना शिरूर-दौंड भागास अपरिचित आहे काय? येथे शब्दच आपल्याला वाट दाखवतो.

‘हंगाम’ हा फारसीतून आलेला शब्द. मूळ अर्थ काळ, योग्य वेळ. मराठीत तो प्रामुख्याने शेतीचा झाला : खरीप हंगाम, रब्बी हंगाम, आणि सहकारी साखर कारखाने निघाल्यानंतर गळीत हंगाम. हंगामापुरते जे टिकते ते ‘हंगामी’. त्याच फारसी शब्दापासून ‘हंगामा’ हा शब्द सिद्ध झाला. त्याचा मूळ अर्थ माणसांचा जमाव. पुढे गर्दी, गलबला, दंगा असे अर्थ त्यास आले. नागर मराठीत हा दुसराच अर्थ शिल्लक राहिला आहे. परंतु घोड व भीमा या नद्यांच्या काठी, नगर जिल्ह्यास लागून असलेल्या पट्ट्यात, ‘कुस्त्यांचा हंगामा’ अथवा बोलीत ‘हगामा’ म्हणजे ग्रामदैवताच्या यात्रेत भरणारा कुस्त्यांचा मेळावा. जमाव हा मूळ अर्थ येथे जिवंत आहे. कोशाने दंगा म्हणावे आणि गावाने सोहळा म्हणावे, असा हा अर्थभेद आहे. आणि या ठिकाणी गावचा अर्थ अधिक जुना आहे.

यांतील बहुतेक यात्रा रब्बीची पिके निघाल्यानंतर, चैत्र-वैशाखात भरतात. खळे उठलेले असते, हातात थोडा पैसा असतो, शेते मोकळी असतात. हंगाम संपल्यावर हंगामा भरतो. दोन्ही शब्दांचे मूळ एक आहे, हा योगायोग समजला तरी व्यवहारातील क्रम योगायोगाचा नाही. ‘हंगामोत्तर’ या संज्ञेचा जर कोणास शब्दशः अर्थ हवा असेल, तर तो या यात्रांतून मिळेल.

या मेळाव्याची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. आरंभी लहान मुलांच्या कुस्त्या होतात. त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. मग इनामाची रक्कम चढत जाते. पंच दोन मल्लांची अंगकाठी, वय व लौकिक पाहून ‘जोड’ लावतात. उन्हे कलू लागली म्हणजे मोठ्या इनामाच्या कुस्त्या सुरू होतात आणि अखेरीस मानाची, म्हणजे शेवटची कुस्ती होते. ती ‘निकाली’ व्हावी असा लोकांचा आग्रह असतो. बरोबरीत सुटली तर गाव हळहळते. परंतु या शेवटच्या कुस्तीतले दोन मल्ल त्या दिवशी आधीच्या फेऱ्या जिंकून आलेले नसतात. ते लौकिकाच्या बळावर तेथे पोचलेले असतात. तसेच, जो हरतो तो ‘बाद’ होत नाही. तो अंगावरची माती झाडून निघतो आणि पुढच्या गावच्या यात्रेत पुन्हा जोड मागतो. येथे ‘शेवटचे’ याचा अर्थ काळाने शेवटचे आणि मानाने पहिले, असा आहे. वगळत वगळत उरलेले, असा नाही.

४

वगळत जाण्याची पद्धत आपल्याकडे आली ती शाळा-महाविद्यालयांतून. मुंबईत १८९६ च्या सुमारास हॅरिस ढालीची व १९०१ मध्ये जाइल्स ढालीची शालेय क्रिकेटस्पर्धा सुरू झाली. महाविद्यालयांसाठी नॉर्थकोट ढाल होती. मुंबईच्या जातवार क्रिकेटने १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ मध्ये चौरंगी व १९३७ मध्ये पंचरंगी रूप घेतले आणि १९४६ मध्ये ते थांबले. विद्यापीठांविद्यापीठांतील रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली. या सर्वांत हरणारा संघ त्या वर्षापुरता संपतो.

या पद्धतीसाठी मराठीने जी शब्दसंपदा उभी केली ती अभ्यासनीय आहे. ‘बाद’ हा अरबीतून आलेला, हिशेबनिसांच्या दप्तरातील शब्द. वजा केलेले, रद्द केलेले, असा त्याचा अर्थ. तो क्रिकेटच्या गड्याला लागला, मग संपूर्ण संघाला लागला आणि ‘बाद फेरी’ झाली. ‘उपांत्य’ हा शब्द आपण शुद्धलेखनाच्या नियमांत शिकतो. शेवटच्या अक्षराच्या आधीचे अक्षर ते उपांत्य. आज तो वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठावर शेवटच्या सामन्याआधीच्या सामन्यास लागतो, आणि त्याही आधीच्या फेरीस ‘उपांत्यपूर्व’ म्हणतात. ‘करंडक’ म्हणजे मुळात लहान डबी. कुंकवाच्या करंड्याचे ते वडील रूप. ‘चषक’ म्हणजे मद्य पिण्याचे पात्र. ‘ढाल’ ही तर इंग्रजी शब्दाचा सरळ अनुवाद. पण शिवकालाची आठवण जपणाऱ्या समाजात ती परकी वाटली नाही. हिशेब, व्याकरण, प्रसाधन, मद्यपान आणि युद्ध या पाच क्षेत्रांतून शब्द उचलून मराठीने स्पर्धेची परिभाषा सिद्ध केली. मात्र तिच्यात ‘हंगामोत्तर’ या कल्पनेसाठी रुळलेला शब्द नाही. याचे कारण भाषेचे दारिद्र्य नव्हे. आपल्या महाविद्यालयीन खेळात तसा हंगामच नाही. महिनोन्‌महिने चालणारी, घरच्या व परक्या मैदानांवर आळीपाळीने खेळली जाणारी साखळी आपल्याकडे विद्यापीठाच्या कक्षेत रूढ झाली नाही. स्पर्धा सुरू होते तीच मुळी बाद फेरीने किंवा फार तर लहानशा साखळीने, आणि दोन-चार दिवसांत संपते.

एक महत्त्वाचा अपवाद खेळाच्या मैदानाबाहेर आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून पुण्यात होते. प्राथमिक फेरी आणि त्यातून निवडलेल्या संघांची अंतिम फेरी, असा तिचा क्रम आहे. महाविद्यालयाचे नाव येथे अखेरपर्यंत टिकते. भरत नाट्य मंदिरात घोषणा होतात त्या महाविद्यालयांच्या नावाने. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणासही न देण्याचा निर्णय घेतला, त्यावर मोठी चर्चा झाली. पण तेव्हाही निर्णय झाला तो महाविद्यालयांच्या संघांविषयी. ही बाब पुढील तुलनेसाठी ध्यानात ठेवावी.

५

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली, डॉ. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. आरंभी १८ महाविद्यालये संलग्न होती व विद्यापीठाचे क्षेत्र विस्तीर्ण होते. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहमदनगर व नाशिक हे जिल्हे राहिले. २०१४ मध्ये विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले. दरम्यान १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, सहकार वाढला, आणि तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आणि दौंड येथील महाविद्यालये ही या विस्ताराची फळे होत.

या विद्यापीठातील सांघिक खेळांची शिडी पुढीलप्रमाणे आहे. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर व नाशिक असे विभाग आहेत. शिरूर व दौंड यांचा समावेश पुणे जिल्हा विभागात होतो. विभागातील महाविद्यालये प्रथम परस्परांत खेळतात. मग विभागाचा संघ निवडला जातो व आंतरविभागीय स्पर्धा होते. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाचे १९७३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघ असे नामांतर झाले. त्याच्या स्पर्धांच्या यादीत आज बेसबॉलही आहे. २०२० पासून ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा ही आणखी एक पायरी झाली. राज्यातील विद्यापीठांच्या क्रीडामहोत्सवास ‘अश्वमेध’ हे नाव आहे.

अमेरिकन परिषदेच्या स्पर्धेशी या शिडीची तुलना केली असता एक भेद ठळकपणे दिसतो. तेथे लहान महाविद्यालयाचा संघ अखेरपर्यंत स्वतःच्याच नावाने चढतो. फ्रेझ्नोचा संघ ओमाहास फ्रेझ्नोचाच म्हणून गेला. आपल्याकडे शिरूरच्या महाविद्यालयाचा संघ विभागात जिंकला, तर पुढील पायरीवर तो संघ म्हणून राहत नाही. त्यातील दोन-तीन मुले किंवा मुली ‘पुणे जिल्हा’ या संघात जातात. त्यातील एखादी ‘विद्यापीठ’ या संघात जाते. पायरीगणिक संघ विरघळतो आणि खेळाडू उरतो. महाविद्यालयाचे नाव दोनदा पुसले जाते.

येथेही शब्द साक्ष देतो. ‘आंतरमहाविद्यालयीन’ या शब्दातील ‘आंतर’ आपण ‘परस्परांतील’ या अर्थाने घेतो. संस्कृतात मात्र ‘आन्तर’ म्हणजे आतले, अंतर्गत. मूळ ‘अन्तर्’ या अव्ययात आत आणि मध्ये हे दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजी उपसर्गाच्या भाषांतरासाठी आपण हा शब्द निवडला तेव्हा ही संदिग्धता सोबत आली. आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही दोन स्वतंत्र संस्थांमधील झुंज आहे, की एका विद्यापीठाच्या अंतर्गत चाललेली निवडचाचणी आहे? नाव पहिला अर्थ सांगते, रचना दुसरा.

६

यापैकी कोणती पद्धत श्रेष्ठ, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. निवडपद्धतीचा मोठा गुण असा की, दुबळ्या संघातील गुणी खेळाडूस ती वर काढते. ज्या महाविद्यालयास नऊ चांगले गडी जमवता येत नाहीत, तेथील एखादी चांगली चेंडूफेक करणारी मुलगी अमेरिकन पद्धतीत पहिल्याच टप्प्यावर संघाबरोबर बाद होईल. आपल्या पद्धतीत ती विद्यापीठाच्या संघात जाऊ शकते. तालुक्याच्या गावी, जेथे मैदान एक, साधने मोजकी आणि विद्यार्थी सकाळच्या वर्गानंतर शेतावर किंवा औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा, तेथे ही व्यवस्था न्याय्य आहे, असेच म्हणावे लागेल.

तथापि तिचे मूल्यही मोजले पाहिजे. सामन्यासाठी जमणारा समाज संघाच्या नावाने जमतो. यात्रेतील शेवटच्या कुस्तीस पंचक्रोशी लोटते, कारण मल्ल ‘अमक्या गावचा’ म्हणून पुकारला जातो. त्याचे गाव त्याच्याबरोबर फडात उतरते. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाच्या कुस्तीतही मल्लाचा जिल्हा पुकारला जातो. आंतरविभागीय स्पर्धेत हे घडत नाही, कारण ‘पुणे जिल्हा विभाग’ या नावाचे कोणतेही गाव नाही. शिरूरच्या बाजारपेठेत वा दौंडच्या स्थानकावर त्या संघाची वाट पाहणारे कोणी नसते. घोडकाठ आणि भीमाकाठ यांना एका संघात बसवणारी ही सीमा प्रशासनाने आखली आहे. लोकांच्या मनाने नव्हे. परिणामी महाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी ही बहुधा खेळाडू, प्रशिक्षक आणि शारीरिक शिक्षण संचालक यांच्यापुरती राहते.

दुसरे मूल्य इतिहासाचे आहे. नाव पुसले की नोंदही पुसली जाते. विद्यापीठाच्या पातळीवर विजेत्या विभागाची नोंद होते. त्या विभागाच्या संघात कोणत्या महाविद्यालयाचे कोण होते, हे महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकात, प्रमाणपत्रावर किंवा भिंतीवरील छायाचित्रात राहते. नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयातून बाद होतात आणि छायाचित्रे नव्या रंगरंगोटीच्या वेळी उतरवली जातात. यात्रांच्या हंगाम्यांची स्थिती तर याहून नाजूक आहे. तेथे लिखित पुरावा म्हणजे भिंतीवर चिकटवलेला इनामांचा कागद आणि पंचांची वही. हा कागद एका पावसात जातो.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे तीन कामे ठेवता येतील. पहिले, शिरूर व दौंड तालुक्यांतील महाविद्यालयांची वार्षिके गोळा करून, विभागीय व विद्यापीठीय संघांत गेलेल्या खेळाडूंची महाविद्यालयवार सूची तयार करणे. दुसरे, यात्रांतील कुस्त्यांचे इनामपत्रक, पंचांच्या वह्या व वृद्ध मल्लांच्या मुलाखती यांवरून हंगाम्याचा इतिहास लिहिणे. तिसरे काम भाषाभ्यासकांचे आहे : जोड, फड, निकाली, बरोबरी, रेवडीची कुस्ती, मानाची कुस्ती हे शब्द कोणत्या गावापर्यंत आणि कोणत्या अर्थाने बोलले जातात याचा नकाशा काढणे. ‘हगामा’ हा शब्द घोडनदीच्या अलीकडे कोठपर्यंत येतो व ‘आखाडा’ हा शब्द त्याची जागा कोठे घेतो, ही एक रेषा जरी निश्चित झाली तरी सांस्कृतिक भूगोलाच्या दृष्टीने ती मोलाची ठरेल. या तिन्ही कामांना मोठा निधी लागत नाही. एसटीचे भाडे आणि ऐकण्याची चिकाटी लागते.

व्यवस्थापकीय सूचनाही यातून निघते. विभागाचा संघ निवडण्याची आजची रीत कायम ठेवून, प्रत्येक विभागातील विजेत्या महाविद्यालयांची, त्यांच्याच नावाने, वर्षअखेरीची एक स्वतंत्र स्पर्धा भरवता येईल. ती दरवर्षी पुण्यातच भरावी असे नाही. रब्बीची कामे उरकल्यावर एखाद्या वर्षी ती शिरूरास भरावी, एखाद्या वर्षी दौंडास. दोनदा हरल्यावरच बाद, हा अमेरिकन नियम तीत स्वीकारता येईल. तो यात्रेतील त्या मल्लालाही परका वाटणार नाही, कारण एकदा पाठ लागली म्हणून कोणी कायमचा संपत नाही, हे तत्त्व त्याने आधीपासूनच मानलेले आहे. अशा स्पर्धेचे मराठी नाव काय ठेवावे, याची चिंता करण्याचे कारण नाही. तो शब्द भीमेच्या काठी पूर्वीपासून आहे. फक्त त्याचा कोशातील दुय्यम अर्थ बाजूस ठेवून गावातील मूळ अर्थ स्वीकारावयास हवा.